खाकरे तात्यांची बिनटपाची

आमच्या तात्यांनी आयुष्यात एकही दार न खाकरता उघडलं नाही. दार गोठ्याचं असो, न्हाणीचं असो, नाहीतर भिंतीतल्या कपाटाचं, आधी काठीने दोनदा ठोकायचं, मग घसा खरवडून दणदणीत खाकरायचं, आणि मग विचारायचं, "हाय का रं कुनी?" आतून उत्तर आलं नाही की कडी काढायची. "कुनी बोललं न्हाई म्हंजे खुशाल उघडावं," हा त्यांचा नियम. लग्न होऊन मी कळंबहून निरगुडसरला मळ्यावर आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी सासरेबुवा पिठाच्या डब्यासमोर उभे राहून खाकरताना दिसले. मनात म्हटलं, झालं! बापाने चांगलंच स्थळ शोधलंय.

गावात त्यांना 'खाकरे तात्या' म्हणत. पाठीमागे म्हणत तसं तोंडावरही म्हणत, आणि तात्यांना त्याचं काही वाटत नसे. माणूस सहा फुटी, मिशा पिळदार, आवाज पाटलाला शोभेल असा; पण जीव चिमणीचा. विजेचं बटण ते लाकडी पट्टीने दाबायचे. विहिरीत डोकावताना कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक आंब्याला बांधायचे. चहासुद्धा कपात आधी बोट बुडवून बघायचे. "अहो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो," असं मी एकदा चिडून म्हटलं, तर म्हणाले, "असू दे की. मागं हाय तवर बरंय. म्होरं आला तर पंचाईत." आणि त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य: "भ्यायचं तर आधी भ्यायचं, सूनबाई. मागनं भिऊन काय उपेग? मागनं रडायचं असतं."

आता गंमत बघा. अख्ख्या आंबेगाव तालुक्यातल्या ह्या सगळ्यात भित्र्या माणसाकडे सगळ्यात बेडर वाहन होतं. विलायती, दोन माणसांची, शर्यतीची गाडी. काळपट हिरवा रंग, लांबलचक नाक, सायकलसारखी तारांची चाकं, आणि डोक्यावर छप्पर म्हणून काही नाही. कापडी टप मूळचा होता, तो कधीच कुजला होता. म्हणून तिला सगळे 'बिनटपाची' म्हणत. तात्यांच्या वडिलांनी पुण्याच्या एका पारशी बाबाचे घोडे मळ्यावर ठेवून एका दुष्काळात जगवले होते. तो बाबा सगळं आवरून लेकीकडे विलायतेला गेला, तेव्हा जाताना ही गाडी देऊन गेला. वाऱ्याशी पैजा घेणारी गाडी ती. तात्यांच्या हाती आली आणि बैलगाडीच्या मागून चालायला शिकली.

आमच्या लग्नात नवरदेव ह्याच गाडीतून आला. वाजंत्री पुढे, गाडी मागे, असं ठरलं होतं. कळंबच्या वेशीपासून मांडवापर्यंत वाजंत्रीवाल्यांना तीनदा थांबून गाडीची वाट पाहावी लागली. भटजी ओरडत होते, माझे मामा कपाळावर हात मारत होते, आणि तात्या नवरदेवाला शेजारी बसवून, दर दहा पावलांना उतरून, रस्त्यातले खडे बाजूला करत येत होते. त्यात माझ्या चुलतभावाने हौसेने गाडीच्या नाकाडावर थर्माकोलची 'शुभ विवाह' अक्षरं डिंकाने चिकटवली. ती पाहिल्यावर तात्यांचा चेहरा असा पडला, की माझ्या आईला वाटलं हुंड्यावरून काही बिनसलं. लग्नानंतर आठवडाभर सासरेबुवा कोमट पाणी आणि खोबरेल घेऊन एकेक अक्षर सोडवत बसले होते. नव्या सुनेशी बोलायलाही त्यांना फुरसत नव्हती.

"एवढं काय त्या रंगात?" मी विचारलं होतं.

"रंग लावता येतो गं," ते म्हणाले, "पन ह्यो रंग परत लावता येत न्हाई."

ह्या भीतीला कारण होतं, आणि ते बेल्ह्याच्या बैलबाजारात होतं. तात्या पोरसवदा असताना त्यांच्या वडिलांनी बेल्ह्याहून एक खोंड आणला. काळाभोर, कपाळावर पांढराशुभ्र चांद, शिंगं एकसारखी. सगळं गाव बघायला आलं. चार दिवसांनी खोंडाला ओढ्यावर धुतला आणि चांद पाण्याबरोबर वाहून गेला. शिंगं कानशीने घासलेली निघाली. बैल तसा वाईट नव्हता. औताला चांगला चालला, बरीच वर्षं चालला. पण तो फसवणुकीचा बैल म्हणूनच जगला आणि तसाच मेला. वडिलांनी पुन्हा बेल्ह्याच्या बाजारात तोंड दाखवलं नाही. "बैलाचा काय दोष व्हता?" तात्या सांगायचे. "पन एकदा खोटं निघालं, की खऱ्यावर बी कुनी इस्वास ठेवत न्हाई. शिंगं खोटी म्हंजे दात बी खोटे, असंच म्हनत्यात."

तेव्हापासून गाडीतलं काही बदलायचं म्हटलं की तात्यांच्या पाचावर धारण बसायची. मंचरचा एक मिस्त्री दर दिवाळीला यायचा, गाडीभोवती फिरायचा आणि म्हणायचा, "तात्या, द्या आठ दिस. लालभडक करतो, नवी नवरी दिसंल." तो परत जाईपर्यंत तात्या गाडीला पाठ लावून उभे राहायचे. पार झिजून गेलेला भाग बदलावा लागलाच, तर काढलेला तुकडा ते टाकायचे नाहीत. जुने प्लग, उडालेला दिवा, तडकलेली मूठ, कुजक्या टपाच्या चिंध्यासुद्धा गोणपाटात बांधून शेडच्या आढ्याला टांगलेल्या. दसऱ्याला आम्ही पूजा करायचो तीही त्यांच्या पद्धतीने. पत्र्याला कुंकू लावायचं नाही. आधी विड्याचं पान ठेवायचं, कुंकू त्या पानाला. नारळ फोडायचा तो शेडच्या बाहेर, पार गोठ्यापाशी, पाणी उडायला नको म्हणून. देवाला पोचत असेल का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "देवाला समजतंय. डागाला समजत न्हाई."

हसत होतो आम्ही. मी तर सगळ्यात जास्त. मग ऊस वाढला, आणि उसाबरोबर ते जनावर आलं.

कालव्याचं पाणी आल्यापासून आमच्या चहूबाजूंना ऊसच ऊस झाला होता. पूर्वी मळ्यावरून गावाचं देऊळ दिसायचं; आता दारातून बाहेर पडलं की दोन्हीकडे हिरवी भिंत. त्या भिंतीत बिबटे राहायला लागले. आधी कुत्री जायला लागली. मग शेळ्या. मग पलीकडच्या शिवारातल्या एका वस्तीवरून संध्याकाळी अंगणातलं मूल गेलं, आणि त्या दिवसापासून आमचं हसणं आटलं. बायका परसाकडेला जायच्या त्या चौघीचौघी, हातात पत्र्याचा डबा वाजवत. पुरुष उसाला पाणी धरायला जाताना गळ्यात रेडिओ अडकवून जायचे. वनखात्याचा पिंजरा यायचा, त्यात शेळी बांधायचे, आणि ती रात्रभर ओरडायची. मी अंथरुणात पडून ऐकायची आणि माझ्या मुलीच्या, चिमीच्या, छातीवर हात ठेवायची. अंधाराची मला कधी भीती वाटली नव्हती. आता दुपारी चार वाजताही उसाच्या पानांची सळसळ झाली की मी चिमीला हाक मारून घरात घ्यायची.

एकदा कळंबला माहेरी गेले होते, तात्या आणायला आले ते बिनटपाचीतून. परतताना दिवस कलला. दोन्हीकडे ऊस, मधून कच्चा रस्ता, आणि आम्ही दोघं त्या उघड्या गाडीत, ताटात वाढल्यासारखे. तात्या चालले होते आपल्या चालीने.

"तात्या, जरा पळवा की! अंधार पडतोय."

"पळवली अन् खडा उडून नाकाडाला लागला म्हंजे?"

"अहो, जीव जाईल इथं आपला!"

"म्हनून तर खाकरतोय न्हवं!" असं म्हणून ते खाकरले. मग पुन्हा खाकरले. घर येईपर्यंत त्यांचा घसा थांबला नाही, आणि भोंग्यावरचा हातही. एका ठिकाणी डावीकडचा ऊस आमच्याबरोबर थोडं अंतर हलत आला आणि थांबला. वारं नव्हतं. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी ते पाहिलं होतं. स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती, पण गाडी त्यांनी पळवली नाही. घरी आल्यावर आधी कंदील घेऊन नाकाडावर खडा लागलाय का ते पाहिलं, आणि मग ओसरीवर बसून थरथर कापायला लागले.

चिमी तेव्हा पहिलीत होती. तिला तात्यांची भीती वाटायची नाही, तात्यांच्या भीतीची मात्र गंमत वाटायची. त्यांच्यासारखंच पोट पुढे काढून ती खाकरायची. त्या गाडीला हात लावायची परवानगी जगात दोघांनाच होती, तात्यांना आणि चिमीला. शाळेतून आली की ती शेडमध्ये जायची, डावीकडच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसायची, तिथेच पाढे म्हणायची आणि तिथेच झोपी जायची. ते मूळचं चामडं होतं. ठिकठिकाणी भेगाळलेलं, तांबूस, वापरून मऊ झालेलं. उठली की शिवणीची रेघ तिच्या गालावर उमटलेली असायची. तात्या ती रेघ बोटाने पुसायचे आणि म्हणायचे, "ओरिजनल शिक्का हाय ह्यो."

शेडला पुढे लाकडी दार होतं आणि मागची भिंत कमरेएवढीच. वर मोकळं, वाऱ्याला. त्या भिंतीपलीकडे दहा-बारा पावलांवर ऊस.

त्या दिवशी चिमी शाळेतून आली ती दप्तरासकट शेडकडे पळाली. मी दारात तांदूळ निवडत होते. दाराच्या कडीला तिचा हात पोचणार, तोच तात्या गोठ्यातून ओरडले, "चिमे! आधी काय?" ती वैतागून थांबली. तात्या येईपर्यंत एका पायावर नाचत राहिली. ते आले, काठीने दोनदा दार ठोकलं. चिमी पोट पुढे काढून खाकरली, मग तात्या खाकरले. "हाय का रं कुनी?"

आत धप्पकन आवाज झाला, भरलेलं पोतं पडावं तसा. मग मागच्या भिंतीवरून काहीतरी गेलं आणि ऊस लांबपर्यंत हलत गेला.

मी सूप टाकून कशी पोचले मला ठाऊक नाही. चिमीला उचलली आणि छातीशी धरली. तात्यांनी दार ढकललं. आत उग्र वास कोंडला होता, ओल्या कुत्र्यासारखा, पण त्याहून वाईट. गाडी जागच्या जागी होती. डावीकडच्या सीटच्या पाठीवर वरून खाली नखांच्या चार चिरा गेल्या होत्या, आतला काथ्या बाहेर आला होता, आणि बैठकीवर पिवळसर केस. तात्या वाकले. त्या बैठकीवर त्यांनी तळहात ठेवला, आणि तसाच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"ऊन हाय अजून," ते म्हणाले.

चिमीला घेऊन मी तिथेच मातीत बसले.

दिवस मावळायच्या आत तात्यांनी पाना आणला. ज्या माणसाने उभ्या जन्मात त्या गाडीचा एक स्क्रू दुसऱ्याला फिरवू दिला नव्हता, त्याने ती सीट उपटून अंगणात आणली, विळ्याने चामडं फाडून काढलं आणि त्यावर रॉकेल ओतलं. कामावरून आलेले आमचे हे धावले, "तात्या, अहो काय करताय? ते गोणपाटात बांधा!"

"वास ऱ्हातो," तात्या म्हणाले. "वासावर माघारी येतंय. सोताच्या वासावर न्हाई आलं, तर पोरीच्या वासावर येईल. तिचा बी वास हाय ह्यात." आणि काडी ओढली. त्या जाड चामड्याला पेट घ्यायला वेळ लागला. धूर डोळ्यांत गेला तरी ते हलले नाहीत. सगळं जळल्यावर राखसुद्धा त्यांनी कालव्यात नेऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना ते सहज बोलल्यासारखं बोलले, "गाडी विकायची. गावठानात घर घ्यायचं." आता हे मळ्यावरचं राहणं बंद, एवढंच त्यांना कळत होतं. पोरगी शाळेतून घरी येताना दोन्हीकडे ऊस नको, माणसांची दारं हवीत. माझ्या मनात तर त्याहून पुढचं होतं: मंचरला शाळेच्या मागे एक घर विकायचं होतं, अंगणाला उंच भिंत, समोर रस्त्याचा दिवा. ते घर मिळणार की नाही, हे गाडीला काय किंमत येते त्यावर होतं. मी त्या घराला मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते.

तोवर सीटचं काय? मंचरच्या सोफेवाल्याने तिला चकचकीत मरून रेक्झिन घालून दिलं. बसवल्यावर ते जुन्या साडीला नवं ठिगळ लावावं तसं दिसायला लागलं. तात्यांनी तिकडे बघणंच सोडलं.

जुन्या गाड्यांची पारख करणारा एक गृहस्थ पुण्याहून येणार होता. एका बड्या गिऱ्हाइकाने त्याला पाठवलं होतं. त्याचा शब्द तीच किंमत. यायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी तात्यांना समजावलं, "बिबट्या-बिबट्या काही काढू नका. विचारलंच, तर सांगायचं, आली तेव्हापासून सीट अशीच आहे. वडिलांच्या वेळचं. आता वडील थोडेच सांगायला येणार?" मीही म्हटलं, "तात्या, पोरीसाठी." त्यांनी मान हलवली. होकाराची होती की नकाराची, कळलं नाही.

पारखीसाहेब बारीक चणीचे, पांढरा शर्ट, हातात लहानशी पेटी. आम्हाला वाटलं, गाडी चालवून बघतील. पण त्यांनी ती सुरूसुद्धा केली नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवायला लागले. जिथे पत्र्याच्या जागी लांबीचा लगदा भरलेला असतो तिथे चुंबक धरत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते चुंबक पुढे सरकायचं तसतसे तात्याही वाकून मागोमाग सरकायचे. सगळीकडे धरलं. मग इंजिनावरचा नंबर आणि सांगाड्यावरच्या पितळी पट्टीवरचा नंबर त्यांनी आरसा धरून जुळवला. जुळला. पांढऱ्या शर्टासकट ते गाडीखाली उताणे झोपले आणि खालूनच बोलायला लागले, "अहो, स्क्रूच्या खाचासुद्धा झिजलेल्या नाहीत! हिला कुणी हातच लावलेला नाही." बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. नाकाडावर एके ठिकाणी रंग इतका विरला होता की खालचा राखाडी थर दिसत होता. मला ते खरं तर लपवावंसं वाटत होतं. त्यांनी त्यावर हळूच बोट फिरवलं.

"हा रंग कारखान्यातला आहे," ते म्हणाले. "नवा रंग कुणीही देईल. हा एकदाच देतात."

मंचरचं घर मला दिसायला लागलं. साहेब उजव्या सीटपाशी आले, चामडं चिमटीत धरून पाहिलं, मान डोलावली. आता वळसा घालून डावीकडे येणार. ती बाजू आम्ही मुद्दाम भिंतीकडे ठेवली होती, अंधारात. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. देवा, एवढं एकदा निभावून ने, एवढंच मी म्हणत होते.

साहेब वळायच्या आत तात्या खाकरले.

शेड दणाणलं. साहेब दचकून थांबले.

"पलीकडची सीट ओरिजनल न्हाई, साहेब," तात्या म्हणाले. "म्या जाळली."

सगळं सांगितलं त्यांनी. जनावर, चिरा, ऊन बैठक, रॉकेल. ह्यांनी कपाळावर हात मारला. मला तात्यांचा असा राग आला म्हणता! दातओठ खात मी उभी होते. विड्याच्या पानावर कुंकू लावणारा हा माणूस, आयुष्यभर सगळ्याला भ्याला, आणि नेमकं जिथे भ्यायचं तिथे शूर झाला!

पारखीसाहेब गोणपाटाच्या ढिगावर बसले. मग म्हणाले, "तात्या, फाटकं चामडं ठेवलं असतंत ना... फाटकं चाललं असतं. मूळचं फाटकं हे नव्या चांगल्यापेक्षा मोलाचं. आणि बिबट्याची नखं?" त्यांनी डोकं हलवलं. "अशी गाडी दुसरी कुठे नसती. लोकांनी ते ओरखडे बघायला रांग लावली असती. त्या ओरखड्यांची किंमत वेगळी मिळाली असती."

"तुमी त्या ओरखड्यावर बोट फिरवलं असतं, साहेब," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझी नात तिथं गाल टेकून झोपायची."

साहेबांनी चुंबक फडक्यात गुंडाळलं. पुढे बोलणं झालं ते हळू आवाजात. त्यांनी तात्यांना सरळ सांगितलं, की किंमत उतरणार, चांगलीच उतरणार. मात्र बाकीच्या गाडीबद्दल आता त्यांना कसलीही शंका उरली नाही. "जो हे सांगतो, तो नंबराबद्दल खोटं बोलणार नाही." बेल्ह्याचा बैल मला तेव्हा आठवला. राग मात्र गेला नाही. पुढे कितीतरी दिवस मी तात्यांच्या ताटात भाकरी टाकायची ती आदळूनच.

मंचरचं घर गेलं. गावठाणात, शाळेच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या, दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटलेल्या. गाडी टेम्पोत चढवली त्या दिवशी तात्यांनी आढ्याची सगळी गाठोडी सोडून गाडीबरोबर दिली, एकूण एक. टेम्पोवाल्याला दहादा विचारलं, वाटेत खडी कुठे आहे, ताडपत्री घट्ट आहे ना. टेम्पो सुरू झाल्यावर मागोमाग चालत गेले आणि टेम्पोत पुढे बसलेल्या पारखीसाहेबांना ओरडून म्हणाले, "साहेब, शेडचं दार उघडताना आधी खाकरत जावा!" साहेब हसले. तात्या हसले नाहीत. टेम्पो कळंबच्या रस्त्याला लागेपर्यंत ते तिथेच उभे होते, आणि मग जे रडले ते लहान मुलासारखे, तोंड उघडं टाकून. मी जवळ गेले, पण हात धरायचं धाडस झालं नाही.

तात्यांना बाहेरची खोली दिली. शेजारची माणसं भिंतीपलीकडे बोलायची ते ऐकत ते शांत झोपायचे. चिमी गल्लीतून एकटी शाळेत जायची, एकटी यायची. दोन्हीकडे दारं, दारांत माणसं. ती पहिल्यांदा एकटी घरी आली त्या दिवशी माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. संध्याकाळी मी तात्यांच्या ताटात आपणहून तूप वाढलं. ते ताटाकडे पाहून म्हणाले, "मिटलं म्हनायचं."

सवय मात्र सुटली नाही. त्यांची सुटली नाहीच, उलट आम्हाला लागली. सकाळी चहा घेऊन गेले की मी त्यांची कडी दोनदा वाजवायची आणि खाकरायची. आतून आवाज यायचा, "ये गं, कुनी न्हाई." रोज तेच. चिमी दहावीला गेली तरी तेच. पाहुण्यांना वाटायचं, सून सासऱ्याची थट्टा करते. थट्टा होतीच, पण एखाद्या सकाळी विसरून मी तशीच आत गेले, तर दिवसभर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

थंडीचे दिवस होते. गल्लीत दूधवाला आला होता, शेजारी बंब पेटला होता. मी चहा घेऊन गेले, कडी वाजवली, खाकरले.

आतून काही आलं नाही.

पुन्हा वाजवली. घसा खरवडून मोठ्याने खाकरले, त्यांच्यासारखं, पोट पुढे काढून. "तात्या?" चिमी मागून आली आणि माझा पदर धरून उभी राहिली. कपातला चहा निवायला लागला.

कुणी बोललं नाही म्हणजे खुशाल उघडावं, हा तात्यांचाच नियम. मला दार उघडवेना.